गोजरबाईची मुळी

गोजरबाईच्या हाताला यश होतं, हे सोलापूरच्या अख्ख्या साखर पेठेत कुणी नाकारलं नसतं. तिच्याशी उभा दावा असलेल्या बायासुद्धा कळा सुरू झाल्या की तिलाच बोलावणं धाडायच्या. बाई तोंडाची फटकळ. बाळंतिणीच्या खोलीत एकदा शिरली की घरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही बाहेर हुसकून लावायची. "तुमी देवाचं नाव घ्या, बाकीचं मी बगते," असं म्हणून दार लोटून घ्यायची, आणि मग आतून पोराचं रडणं ऐकू येईपर्यंत कुणाची दार वाजवायची छाती नव्हती. तिनं सोडवलेली पोरं आता कापडगिरणीत साचे चालवत होती आणि त्यांच्या बायकांनाही तीच सोडवत होती.

पण यश नुसतं हाताला नव्हतं, हेही पेठेला ठाऊक होतं. गोजरबाईकडं एक मुळी होती. शहराबाहेर होटगीच्या वाटेला निवडुंगाच्या कुंपणांवर पावसाळ्यात एक वेल चढते. तिच्या पानाचं टोकच दोरीसारखं वळतं, आणि त्या टोकानं काट्याकुट्याला धरत ती वर जाते. भादव्यात तिला तांबडी-पिवळी फुलं येतात. चुलीतला जाळ कुंपणावर ठेवावा तशी दिसतात. नव्या माणसाला तोडायचा मोह होतो, पण गुराखी आपली गुरं तिथून लांबूनच नेतात. दिवाळीच्या सुमाराला वेल वाळते आणि जमिनीखाली वाकडातिकडा, बोटाएवढा जाड कंद उरतो. तीच कळलावी.

अडलेल्या बाईच्या बेंबीखाली आणि तळपायांना हा कंद उगाळून लावायचा. कळा येतात. पोराचं डोकं दिसलं की लगेच ओल्या फडक्यानं लेप पुसून काढायचा, उशीर झाला तर पोरामागं आतडंही ओढून काढील, असं गोजरबाईला तिच्या सासूनं शिकवलं होतं. पोटात मात्र कणभर जाता कामा नये. उगाळून झालं की गोजरबाई सहाण राखेनं खसाखसा घासायची आणि स्वतःचे हातही घासायची. तेवढी ती या कंदाला भिऊन होती.

सासूनं आणखी एक शिकवलं होतं. पोटुशी बाईच्या कानावर हिचं नाव पडू द्यायचं नाही, तिच्या नजरेला हा कंद पडू द्यायचा नाही, आणि ती ज्या आढ्याखाली निजते त्या आढ्याखाली हा ठेवायचा नाही. नाव ऐकलं की पोटातलं पोर जागा सोडतं. हे काही नुसतं ऐकीव नव्हतं. गोजरबाई तरुण असताना आडावर एका सवतीनं दुसरीच्या तोंडावर हे नाव मुद्दाम घेतलं होतं, आणि त्याच दिवशी त्या बाईचं पाचव्या महिन्यातलं पोट पडलं होतं. ते रक्तानं भिजलेलं लुगडं गोजरबाईनंच धुतलं होतं. तेव्हापासून ती त्या मुळीला 'भायेरची' म्हणायची. नाव म्हणून घ्यायची नाही, एकटी असली तरी नाही.

सन एकोणतीसची गोष्ट. गोजरबाईची सून वच्छला सात महिन्यांची पोटुशी होती. लग्नाला बरीच वर्षं होऊन गेली होती आणि कूस उजवत नव्हती. पेठेभरची पोरं जिनं काढली तिच्याच घरात पाळणा नाही, म्हणून लोक पाठीमागं काय काय बोलायचे. गोजरबाई ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि घरी येऊन भांड्यांवर राग काढायची. पण सुनेला ती कधी वावगा शब्द बोलली नाही. वच्छला मोडनिंबकडची, शेतकऱ्याची लेक. आई लहानपणीच गेलेली. सासूला 'आत्याबाई' म्हणायची, आणि ते असं म्हणायची की गोजरबाईचा पाराच उतरायचा. आता दिवस राहिल्यावर तर गोजरबाईनं तिला तळहातावर ठेवलं होतं. बाळंतपणाला माहेरी धाडायचा प्रश्नच नव्हता. "माज्यासारकी सुईन घरात असताना ही तिकडं कशाला मरायला जाईल?" ती म्हणायची. आणि म्हटल्यावर जीभ चावायची.

दिवाळी झाली आणि गोजरबाई नेहमीप्रमाणं कंद खणून आली. एरवी ती ते माजघरात कोनाड्यात, राखेच्या मडक्यात पुरून ठेवायची. यंदा घरात सून पोटुशी. मग तिनं काय केलं, तर मागल्या अंगणात गोवऱ्यांची रास होती तिच्या आडोशाला एका फुटक्या पाटीचं बूड ठेवलं, त्यात माती घातली, मातीत कंद पुरले आणि वर फडकं टाकलं. आढ्याखाली नको म्हणून बाहेर. नजरेला पडू नये म्हणून मातीत. सासूनं शिकवलेलं तिनं अक्षर न् अक्षर पाळलं. सुनेला 'तिकडं जाऊ नको' एवढंही ती बोलली नाही, कारण 'का' म्हणून विचारलं तर सांगणार काय?

आता मोडनिंबकडं रताळी कशी ठेवतात, हे गोजरबाईला कुठून ठाऊक असणार. ती जन्माची सोलापूरची. रताळी बाजारातून आणायची आणि उकडायची, एवढंच तिला माहीत. वच्छलाच्या माहेरी मात्र रताळी खणली की उपासाच्या दिवसापर्यंत अशीच गोवऱ्यांच्या आडोशाला मातीत पुरून ठेवत. माती कोरडी राहते, कोंब फुटत नाहीत.

कार्तिकी एकादशीला पहाटेच गोजरबाईला बोलावणं आलं. विणकराच्या घरची सून अडली होती. निघताना ती वच्छलाला म्हणाली, "तू उपास धरू नगंस. पोटुशीला उपास न्हाय."

"पोटासाठीच धरलाय की आत्याबाई. नवस हाय माजा," वच्छला म्हणाली.

"मग भगर तरी शिजवून खा. उपाशी ऱ्हाशील तर बग."

भगरीच्या डब्यात मूठभरसुद्धा भगर नव्हती. कुंडलिक, गोजरबाईचा लेक, गिरणीत गेलेला. वच्छलानं पाण्यावर बराच वेळ काढला. मग चुलीसाठी गोवऱ्या काढायला मागं गेली आणि तिला फडकं दिसलं. फडक्याखाली माती, मातीत कंद. हसली असेल ती. आत्याबाईंनी उपासाला रताळी आणून ठेवली आणि सांगायला विसरल्या, असंच तिला वाटलं. दुसरं काय वाटणार?

गोजरबाई परत आली तेव्हा ऊन कलत होतं. विणकराघरची बाई मोकळी झाली होती, मुलगा झाला होता, आणि गोजरबाई खुशीत होती. दारातूनच तिनं हाक मारली. आतून ओ आली ती कण्हत.

वच्छला भिंतीला टेकून बसली होती. पुढ्यात घमेलं होतं. ओठ पांढरेफटक पडलेले.

"पोटात आग पडलीय आत्याबाई," ती म्हणाली. "घसा सोलल्यावानी झालाय. उलट्या थांबंनात. तुमी आदी खाऊन घ्या. सकाळधरनं उपाशी असाल. तुमच्यासाठी रताळी झाकून ठेवल्यात."

गोजरबाईनं चुलीजवळचं ताट उचललं. खाली गुळाबरोबर उकडलेले तुकडे होते. साल सोललेलं, व्यवस्थित चकत्या केलेल्या. एक तुकडा तसाच अख्खा ठेवला होता, नांगराच्या फाळासारखा वाकडा. गोजरबाईनं तो ओळखला. ती ताट हातात घेऊनच सुनेशेजारी बसली.

"किती खाल्लीस?" तिनं विचारलं.

"दोन-तीन. जरा कडू लागली म्हून गूळ टाकला. तुमाला चांगली-चांगली ठेवलीत."

गोजरबाई उठली. मिठाचं पाणी कालवून सुनेला पाजलं, घशात बोटं घातली, पुन्हा पाजलं, पुन्हा ओकवलं. तूप पाजलं, ताक पाजलं. पण खाऊन कितीतरी तास उलटले होते, आता वर येत होतं ते नुसतं हिरवं पाणी. मग आणखी एक काम तिनं केलं. सून डोळे मिटून पडली आहे असं पाहून ताटाखालचे तुकडे पदरात घेतले, मागं नेऊन उकिरड्यात खोल पुरले, आणि गोवऱ्यांआडची मातीही उधळून टाकली. कुणी शिकवलं नव्हतं हे तिला. हातांनी आपोआप केलं. पण केलं, हे खरं.

शेजारची शरणम्मा कण्हणं ऐकून दारात आली. "एनायतु गोजराबाई?" काय झालं म्हणून कानडीत विचारत आत डोकावली, घमेलं पाहिलं आणि पदर नाकाला लावून मागं सरली. त्या पंधरवड्यात शहरात पटकीची लागण होती. शरणम्मानं शब्द उच्चारला नाही, पण घरी जाऊन पोरांना आत घेतलं आणि दार लावलं.

कुंडलिक गिरणीतून आला, बायकोकडं एकदा पाहिलं आणि तसाच डॉक्टरांना आणायला पळाला. कमलाकर डॉक्टर म्हणून होते, पेठेच्या तोंडाशी दवाखाना. माणूस भला. दिवस मावळायच्या आत आले. नाडी पाहिली, पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली.

"आज काय खाल्लं?"

"रताळी," वच्छला म्हणाली.

"रताळ्यांनी असं होत नाही, बाळ." मग ते गोजरबाईकडं वळले. "बाई, तुम्ही पोटुश्या बायका रोज पाहता. काही झाडपाला, मुळीबिळी नाही ना दिली? दिली असेल तर सांगा. मी रागावणार नाही."

वच्छला टक लावून सासूकडं पाहत होती. तिचा हात गोजरबाईच्या हातात होता.

"न्हाय," गोजरबाई म्हणाली. दिली नव्हतीच तिनं.

डॉक्टर बाहेर अंगणात गेले. कुंडलिक त्यांच्याबरोबर होता. गोजरबाईही उंबऱ्यापर्यंत गेली. तिथून डॉक्टर चार पावलांवर होते. हळू आवाजात सांगितलं असतं तर आत ऐकूही गेलं नसतं. पण ऐकू गेलं तर? पोरीच्या पोटात सात महिन्यांचं पोर आहे. विष अंगातून उतरेलही कदाचित. ताकानं, तुपानं माणसं वाचल्याचं तिनं ऐकलं होतं. पण नाव कानावर पडलं तर पोर जागा सोडणारच, आणि मग दोघंही हातची जातील. गोजरबाईनं स्वतःला हे सांगितलं आणि ते तिला खरंही वाटलं. पण अंगणात कुंडलिक उभा होता, हेही होतंच ना. आईनं विष घरात आणून ठेवलं आणि बायकोनं ते खाल्लं, हे त्याच्या कानावर जाणार होतं. मग पेठेच्या कानावर. पोटासाठी गप्प बसली की स्वतःसाठी, हे तिचं तिलाही निवडून काढता आलं नसतं. ती उंबऱ्यातच उभी राहिली. डॉक्टरांनी पटकीचं औषध दिलं, पाणी उकळून द्या म्हणाले आणि निघून गेले.

ती रात्र मायलेकांनी वच्छलाच्या उशा-पायथ्याशी बसून काढली. सकाळी तिची लघवी बंद झाली आणि पोट घट्ट होऊ लागलं. गोजरबाईनं हात ठेवला मात्र, तिला कळलं. नाव कुणीच घेतलं नव्हतं. तरी कळा आल्या होत्या.

इतक्या वर्षांत तिनं असं बाळंतपण केलं नव्हतं. वच्छलाला ओरडायचंही त्राण नव्हतं. ती नुसती सासूच्या तोंडाकडं पाहायची, आणि गोजरबाई, जी साऱ्या पेठेला दटावत आली होती, ती तिच्या कपाळावरचा घाम पुसत "माजी बाय ती, माजी बाय ती," एवढंच म्हणत राहिली. दुपारी पोर आलं. मुलगा होता. ओंजळीत मावेल एवढा, पण जिवंत होता. सातव्या महिन्याचं पोर जगतं, असं गोजरबाई दुसऱ्यांना नेहमी सांगायची. तिनं त्याला कापसात गुंडाळलं, चुलीच्या उबेला घेऊन बसली, त्याच्या तोंडात फुंकर घातली. त्यानं मांजराच्या पिलागत दोनदा कुईकुई केलं. मग त्याची छाती हलायची थांबली. गोजरबाई तरी फुंकर घालत होती. शेवटी कुंडलिकनं येऊन तिच्या मांडीवरून ते उचलून घेतलं.

आता नियम राखायला पोट उरलं नव्हतं. गोजरबाईला हे कळलं आणि ती भ्यायली. कालपासून ज्याच्या आड लपली होती ते गेलं होतं.

डॉक्टर पुन्हा आले तेव्हा ती त्यांच्या वाटेत अंगणात जाऊन उभी राहिली. कुंडलिक बाजूलाच होता. तिनं त्याला दूर जा म्हटलं नाही.

"डाक्तरसायेब, ती पटकी न्हाय," ती म्हणाली. "कळलावी हाय. मी गोवऱ्याआड मातीत ठेवली हुती. तिनं रताळं समजून खाल्ली. मला कालच कळलं हुतं."

डॉक्टर म्हणाले, "काल मी तुम्हाला विचारलं होतं."

"व्हय."

"काल पोट धुता आलं असतं. वाचलीच असती असं मी छातीवर हात ठेवून सांगत नाही. उशीर तसा झालाच होता. पण प्रयत्न करता आला असता. आता ते अंगभर गेलंय." ते आत जाऊन आले, बाहेर येऊन कुंडलिकच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघाले. औषध काही दिलं नाही.

कुंडलिक आईवर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो पायरीवर बसला, मातीत काडीनं रेघा ओढत राहिला, आणि बऱ्याच वेळानं वर न पाहता म्हणाला, "तिला वाटतंय, आपल्याला पटकी झालीय. सारकी मला म्हनती, जवळ बसू नगा, तुमाला लागंल. तिला सांग जा. मी न्हाय सांगनार."

गोजरबाई आत गेली. वच्छला शुद्धीवर होती. डोळे खोल गेलेले, पण नजर स्वच्छ. सासू दिसताच तिनं हात पुढं केला आणि गोजरबाईनं तो दोन्ही हातांत धरला.

"आत्याबाई, तुमी ती रताळी खाल्ली न्हाई न्हवं?" वच्छलानं विचारलं. "मला काळजी लागलीय. काय तरी बिघडलेली असतील ती."

गोजरबाईला वाटलं, आत्ताच्या आत्ता जमिनीनं पोटात घ्यावं. "न्हाय खाल्ली," ती म्हणाली. "पोरी, ती रताळी न्हवती."

आणि मग तिनं सांगितलं. मुळी कसली, कशाला आणली, कुठं ठेवली, का सांगितलं नाही. सासूनं घालून दिलेला नियम सांगितला. आडावरच्या बाईचंही सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं ते नाव एका बाळंतिणीच्या पुढ्यात घेतलं. बोलताना ती रडत होती आणि रडणं थांबवायचा प्रयत्नही करत नव्हती.

वच्छला ऐकत होती. मधेच तिनं डोळे मिटले. मग म्हणाली, "तुमी कुटं वाईटासाठी ठेवली? पोटासाठीच की. माजंच चुकलं. इचारायला पायजे हुतं." आणि अशक्त बोटांनी तिनं सासूचा हात जरासा दाबला.

गोजरबाईनं हुंदका दिला. एवढ्यावर थांबलं असतं तर किती बरं झालं असतं. पण वच्छला छताकडं पाहत होती. काहीतरी जुळवत असल्यासारखी तिच्या कपाळाला आठी पडली होती.

"तुमाला कवा कळलं, आत्याबाई?"

खोटं बोलता आलं असतं. आत्ताच कळलं, म्हणता आलं असतं. पण गोजरबाईत आता तेवढंही बळ नव्हतं.

"मी आले आन् ताट उगडलं, तवा."

"म्हंजी डाक्तर आलं त्याच्या आदी."

"व्हय."

"डाक्तरांनी तुमाला इचारलं तवा मी तुमच्याकडंच बगत हुते," वच्छला म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. नुसतं आठवून बोलावं तशी बोलली.

मग तिनं सासूच्या हातांतून आपला हात काढून घेतला. अंगात ताकद नसल्यामुळं तो एका झटक्यात निघाला नाही, बोट बोट करत निघाला, आणि गोजरबाईनं तो धरून ठेवला नाही. तो हात वच्छलानं आपल्या पोटावर ठेवला, जिथं आता काही नव्हतं.

तिच्या ओठांना कोरड पडली होती. गोजरबाईनं तांब्यातलं पाणी वाटीत ओतलं, तिची मान उचलली आणि वाटी ओठाला लावली. वच्छलानं ओठ मिटून घेतले. गोजरबाईला वाटलं, गिळवत नसेल. तिनं बोट भिजवून ओठांवर फिरवलं. वच्छलानं तोंड भिंतीकडं वळवलं.

"त्यास्नी बोलवा," ती म्हणाली. "पानी त्यांच्या हातनं पायजे."

ज्या हातचं पाणी पेठेतल्या कितीतरी बायकांनी त्यांच्या सगळ्यांत अवघड वेळी घेतलं होतं, तो हात वाटी धरून तसाच राहिला. मग गोजरबाईनं वाटी खाली ठेवली, उठून दाराशी गेली आणि लेकाला हाक मारली. कुंडलिक आत आला. त्यानं ती वाटी उचलून बायकोच्या ओठाला लावली, आणि वच्छला सगळं पाणी प्यायली.